मेणात बुडवलेला पिकअप

दादाची गिटार मी चार वेळा उघडली. चारही वेळा मला वाटत होतं, मी तिचा आवाज सुधारतोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागलो तर तुमच्या लक्षात येईल.

रत्नागिरीत एसटी स्टँडापासून जरा आतल्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. स्पीकर, अँप, मिक्सर. मिक्सर म्हणजे आवाजाचा. बाहेर बोर्ड लावलाय तरी बायका चटणीचे मिक्सर घेऊन येतात आणि मी त्यांच्यावर खेकसतो. नमनाची मंडळं, भजनाची मंडळं, लग्नात वाजवणारे ऑर्केस्ट्रावाले, सगळ्यांची खोकी माझ्याकडे येतात. रस्त्यावरून स्पीकरची गाडी गेली तर कुठल्या स्पीकरचा कागद फाटलाय ते मी आत बसून सांगतो. लोक म्हणतात, कान असावा तर ह्याच्यासारखा. मलाही तसंच वाटायचं. आता त्या कानाला काय चाटायचंय?

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जन्मभर बोटीवर होता, डेकवर, दोरखंडांच्या कामाला. एकदा सुट्टीवर येताना जपानातल्या कुठल्याशा बंदरातून कोणीतरी वापरून विकलेली लाल इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "माणसं साबण आणतात, घड्याळं आणतात. ह्यानं काय आणलान, तर भोपळा!" त्या भोपळ्यावर तो बोटीवरच्या एका गोव्याच्या खलाशाकडून शिकला. खरं सांगायचं तर वाजवायचा बेताचंच. दोरखंड ओढून जाड झालेली बोटं तारांवर जड पडायची. पण गणपतीत झांजा, टाळ, ढोलकी आणि मध्ये दादाची लाल गिटार, अशी आमच्याकडे आरती व्हायची. पहिल्या वर्षी भटजी मंत्र विसरून बघत राहिले होते. नंतर तीच रीत झाली.

आरती झाली की गाऱ्हाणं. आमच्याकडे घरातला मोठा पुरुष देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो. काय हवं, काय नको, काय चुकलं, ते सांगतो आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे मोठ्यानं "व्हय म्हाराजा!" म्हणतात. वडील गेल्यापासून गाऱ्हाणं दादाचं, त्यासाठी तो बोटीवरून सुट्टी गणपतीतच घ्यायचा. भाट्याला खाडीच्या पलीकडे आमचं घर, आणि दादाचा आवाज वाऱ्यापावसात डेकवर ओरडून कमावलेला. पलीकडच्या आळीतली माणसं आपल्या ओटीवर बसून व्हय म्हाराजा म्हणायची. शेवटी तो दर वर्षी माझ्याकडे तिरका बघून एक मागणं वाढवायचा: "आणि ह्या आमच्या धाकट्याच्या डोक्यात थोडी अक्कल घाल रे म्हाराजा!" त्यावर सगळं घर फुटायचं, आणि त्या वेळचं व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठं असायचं.

दादाचा आवाज बसत चाललाय हे सगळ्यांत आधी मला कळलं. फोनवर कळलं. कान ना माझा! आणि मी काय म्हटलं? "दादा, तुझ्या स्पीकरचा कागद फाटलाय वाटतं." तो हसला, मीही हसलो. आरत्यांनी बसला असेल, बोटीवरच्या तंबाखूनं असेल, म्हणून आणखी पाच-सहा महिने गेले. मग मुंबईला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं. आता गळ्याला पुढून एक भोक आहे, श्वास तिथूनच. तोंडातून वारा येत नाही, त्यामुळे आवाजही नाही. त्या फोनवरच्या विनोदाबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

घशाला बाहेरून लावायचं एक यंत्र मिळालं होतं. दादानं ते एकदाच लावलं. त्यातून जी घरघर निघाली ती ऐकून तो स्वतःच दचकला आणि ते त्यानं कपाटात टाकून दिलं. वहिनीनं मग शाळेची पाटी आणि पेन्सिलींची पेटी आणली. दादा लिहायचा, आम्ही वाचायचो आणि वाचलं की वाचणाऱ्यानं पाटी पुसायची, अशी घरात पद्धत पडून गेली. जन्मभर ओरडत आलेला माणूस, पाटीवर मात्र चार शब्दांच्या वर जात नसे.

मे महिन्यात एक दिवस पाटीवर आलं: "गिटार चालू कर."

काय सांगू मला केवढा आनंद झाला. इतके दिवस मी त्या घरात नुसता फळं घेऊन जायचो आणि खुर्चीच्या कडेवर बसून परत यायचो. आता माझ्या हातचं काम निघालं होतं. खाऱ्या हवेत दोन वर्षं पडून राहिलेली गिटार. वायर खुपसायचं सॉकेट हिरवं पडलेलं. त्या दिवशी मी तिथेच बसून, गिटार न उघडताच, सॉकेट साफ केलं, वायरचा एक तुटका जोड सांधला आणि माझ्याकडचा एक छोटा अँप देऊन आलो. गिटार वाजायला लागली. शिट्टी मारत होती, पण वाजत होती.

महिन्याभरानं एका रविवारी गेलो तर अंगणातूनच ती शिट्टी कानात घुसली. माझं डोकंच फिरलं. गावभरच्या अँपची शिट्टी मी बंद करतो आणि माझ्या भावाच्या घरात ही बोंब!

शिट्टी कशाची ते मला माहीत होतं. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली. तार हलली की तो ते ऐकतो आणि अँपला सांगतो. वेढे हलू नयेत म्हणून आत मेण भरलेलं असतं. वर्षानुवर्षांनी ते मेण सुटलं की गुंडाळी सैल होते आणि मग पिकअप तारांबरोबर बाकीचंही ऐकायला लागतो. शर्टाचं बटण घासलं, ऐकलं. लाकडावर बोट आपटलं, ऐकलं. तोंड जवळ नेऊन बोललात तर तेही ऐकलं. आमच्या धंद्यात ह्याला रोग म्हणतात.

"दादा, दे ती इकडे," मी म्हटलं. "नवा पिकअप बसवून आणतो. मग बघ कसला टोन येतो!"

त्यानं गिटार छातीशी धरली आणि मान हलवली. मला वाटलं, आजारी माणसाचा हट्ट. "अरे दे रे, मी करतो ना!" म्हणत मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली. हो, ओढूनच घेतली. वहिनी आतून येऊन म्हणाली, "भावोजी, राहू द्या ना तशीच," आणि दादानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं तशी ती गप्प बसली. नवरा-बायकोचं काहीतरी असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुकानात गिटार उघडली. जुना पिकअप काढून डब्यात ठेवला, मुंबईहून कुरियरनं मागवलेला नवा बसवला. शिट्टी गेली. आवाज स्वच्छ, अगदी धुतल्यासारखा. लाकडाच्या वरच्या शिंगासारख्या टोकाला पॉलिश उडून बारीक खड्डे पडलेले दिसले. उंदीर! गिटार देताना मी वहिनीला सुनावलंसुद्धा, "वस्तू जरा वर ठेवत जा हो. उंदरांनी कुरतडलीय." वहिनी दादाकडे बघून आत निघून गेली.

दादानं एकदा तार छेडली. मग मान खाली घालून, गाल गिटारला लावून बराच वेळ तसाच बसला. मला वाटलं, टोन ऐकतोय. मग त्यानं पाटी ओढली: "जुना लाव."

मला लागलं ते. मंडळंच्या मंडळं माझ्या शब्दावर माइक बदलतात आणि ह्याला माझा टोन पसंत नाही! पण म्हटलं, कदाचित फारच कोरडा झाला असेल. दादाला त्या जुन्या गोड, जाडसर आवाजाची सवय. म्हणून दुसरा मागवला, जुन्या पद्धतीची गुंडाळी असलेला. पुन्हा गिटार उघडली, पुन्हा भाट्याचा पूल, पुन्हा दादाची ती खाली गेलेली मान. पुन्हा पाटी: "जुना लाव." ह्या वेळी खाली रेघ मारलेली.

"अरे तो बिघडलेला आहे!" मी ओरडलो. "तुला कळतंय का टोनमधलं काही?" ज्याला उलट ओरडता येत नाही त्याच्यावर मी ओरडलो. त्यानं तीच पाटी पुन्हा माझ्यापुढे धरली. मीच पाटी पुसली आणि म्हटलं, "बरं बाबा, बरं. लावतो जुना."

त्याचा चेहरा असा उजळला की मला नवल वाटलं. त्यानं माझा हात धरून दाबला. त्या जाड बोटांचा दाब मला अजून आठवतो.

चतुर्थी दोन आठवड्यांवर आली होती. दुकानात स्पीकरांचा ढीग, मंडळवाल्यांची घाई. तरी मी एक सकाळ फक्त दादासाठी ठेवली. जुना लावायचा तर लावू, पण नीट करून लावू. रोगी वस्तू हातातून बाहेर जाऊ द्यायची नाही, हा माझा धंद्यातला नियम. दादाला मी हे सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय? तो खूश होईल, एवढंच माझ्या डोक्यात. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात डबा, डब्यात मेणबत्त्यांचं मेण आणि थोडं मधाच्या पोळ्याचं. वितळल्यावर पिकअप तारेनं बांधून आत सोडला.

बुडबुडे यायला लागले. आतल्या फटींत अडकलेली हवा बाहेर पडते, तिथे मेण शिरतं. बुडबुडे थांबले की काम झालं. मी स्टुलावर बसून मोजल्यासारखं बघत होतो. आधी भराभर, मग एकेक, मग बऱ्याच वेळानं एक. त्यानंतर आला नाही. मी पिकअप बाहेर काढून फडक्यानं पुसला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. इतकं सुबक काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

त्याच दिवशी तिसऱ्यांदा गिटार उघडली, तो बसवला आणि दुपारीच घेऊन गेलो. दादा वाटच बघत होता. अँप लावला. शिट्टी नाही, खरखर नाही. तार छेडली तर तोच जुना जाडसर सूर, पण स्वच्छ. "ऐक!" मी म्हटलं. "आता ऐक! जुनाच आहे, पण बरा केलेला."

त्यानं खालची तार छेडून सूर धरला. मग माझ्यासमोर, पहिल्यांदाच, गिटार उचलली आणि तिच्या त्या शिंगावर दात टेकवले.

"अरे काय करतोस? पॉलिश जाईल!"

दात लाकडावर, आणि ओठ हलत होते. प, ट, क असे काहीतरी फुटके, वाऱ्याशिवायचे शब्द तो तोंडातल्या तोंडात तयार करत होता. अँपमधून फक्त तारेचा सूर येत होता. तो थांबला. अँपकडे पाहिलं. उठून आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं आणि पुन्हा दात टेकवले. सूर मोठा झाला, घर भरलं, भांडी थरथरली. बाकी काही नाही. मग त्यानं गिटार हळूच खाटेवर ठेवली आणि ओटीवर जाऊन पाठ करून बसला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही काय केलंत हो त्या गिटारला?"

मी सांगितलं, मेणाचं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मग सगळं सांगितलं. मे महिन्यात मी गिटार चालू करून दिल्यावर दादाला एकदा तार छेडायची पट्टी, पिक, दातांत धरताना कळलं की लाकडावर दात आपटले तर अँप बोलतो. मग रोज दुपारी जेवण झालं की तो बसायचा. "आधी नुसतं टकटक, पटपट यायचं," वहिनी म्हणाली. "सूर धरायचे आणि त्याच्यावर दातओठांनी शब्द ठोकायचे. मला वाटायचं, वेळ घालवतायत. मग एक दिवस मला ओळखू आलं. अहो, गाऱ्हाणं होतं ते! चाल तीच, थांबे तेच. जिथे थांबायचे तिथे मी भांडी घासता घासता व्हय म्हाराजा म्हणायचे. तेवढं ऐकलं की पुढचं घ्यायचे. चतुर्थीला सगळ्यांसमोर म्हणणार होते. तुम्हाला आधी कळता कामा नये म्हणून मला शपथ घातली होतीन."

त्या शिंगावरचे खड्डे मी बघितले. इतके दिवस बघत होतो आणि उंदीर म्हणत होतो. बोट फिरवून पाहिलं, दातांचेच होते.

पुढचे दिवस मी काय काय केलं ते आठवलं तरी लाज वाटते. दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यांत चांगला माइक नेऊन दादाच्या ओठांपाशी धरला. माइकनं गळ्याच्या भोकातली फुसफुस तेवढी पकडली आणि मोठी करून घरभर सोडली. दादानंच हात लांब करून बटण बंद केलं. माइक गिटारला बांधून पाहिला, तरी तेच. मग मेण काढायला बसलो. गिटार दुकानात आणून पिकअप काढला, केस वाळवायच्या मशिनची गरम हवा त्याच्यावर धरली. थोडं मेण गळलं. आणखी गळावं म्हणून थोडा वेळ अधिक धरली आणि आतली केसाहून बारीक तार कुठेतरी तुटली. मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी आत बसून रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, ढसाढसा रडलो.

चौथ्यांदा गिटार बंद करताना तिच्यात तो दुसरा, गोड टोनचा पिकअप होता. दुसरं होतं काय माझ्याकडे?

चतुर्थीला घर भरलं. मुंबईहून पुतणे आले, शेजारी आले. दादा नवा सदरा घालून, गळ्याला रुमाल बांधून गिटार घेऊन बसला आणि आरतीला वाजवली. सगळे म्हणाले, यंदा गिटार काय सुरेख लागलीय. कोणीतरी माझी पाठसुद्धा थोपटली. आरती संपली, कापूर विझला आणि सवयीनं सगळे दादाकडे बघायला लागले. दादानं माझ्याकडे बोट केलं.

मी नारळ धरून उभा राहिलो. "बा गणराया म्हाराजा! वाडवडलांपासनं चालत आलेली तुझी सेवा तुझ्या लेकरांनी जमंल तशी केली हाय, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पोरांच्या नोकऱ्या मागितल्या, घरादाराचं सुख मागितलं. मग ते वाक्य आलं, जे दर वर्षी येतं आणि ज्याकडे कोणी कधी लक्ष देत नाही. "काय चुकलं माकलं आसंल ता पोटात घाल रे म्हाराजा!" माझा आवाज तिथे चिरकला. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. दादाकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

त्याच्या पुढचं मागणं दादाचं होतं. ते वगळलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण मला वगळवेना. "आणि ह्या धाकट्याच्या डोक्यात," मी म्हटलं, "थोडी अक्कल घाल रे म्हाराजा."

कोणी हसलं नाही. कोणी व्हय म्हणेना. पोरं एकमेकांकडे बघत होती. मग स्वयंपाकघराच्या दारातून वहिनीचा एकटीचा आवाज आला, हळू, रोज दुपारी भांडी घासता घासता यायचा तसाच असणार: "व्हय म्हाराजा."

मोदकांची ताटं फिरायला लागली तेव्हा दादानं मला खूण करून शेजारी बसवलं. पाटी मांडीवर घेतली आणि एरवीपेक्षा सावकाश, शाळेतल्यासारखं गोल गोल अक्षर काढत लिहिलं. मग माझ्यापुढे धरली.

"आवाज छान लागलाय. आता बदलू नको."

उभ्या जन्मात त्यानं माझ्या कामाला छान म्हटलेलं नव्हतं. चार वेळा गिटार उघडली ती त्या एका शब्दासाठीच. वाचणाऱ्यानं पाटी पुसायची असते. मला पुसवेना. मग दादानंच हात पुढे केला आणि तळव्यानं पाटी स्वच्छ पुसून घेतली.